किमोनो नेसताना: पहिला बंद हाडाला

मराठीत सदरा घालतात आणि साडी नेसतात. किमोनोला बाह्या दिसल्या की माणूस त्याला सदऱ्याच्या जातीत टाकतो. हात सरकवतो, कमरेला पट्टा आवळतो आणि आरशात बघून खट्टू होतो, कारण समोर नुकतंच न्हाणीघरातून बाहेर आल्यासारखं ध्यान उभं असतं. किमोनो नेसायचा असतो. शिवलेला असला तरी त्याची उंची, घेर, गळा हे सगळं दर वेळी अंगावर नव्याने ठरवावं लागतं, आणि ते धरून ठेवायला ना बटण ना हूक, नुसते दोन-तीन कापडी बंद.

टोकियोत राहायला लागून मला अकरा वर्षं झाली. महिन्यातून दोन-तीनदा तरी मी किमोनो नेसते, त्यामुळे 'दहा मिनिटांत किमोनो' छापाच्या सल्ल्यांचा आता कंटाळा आलाय. सगळे सल्ले ओबीच्या, म्हणजे वरून गुंडाळायच्या कमरपट्ट्याच्या, गाठीवर तुटून पडतात. फुलपाखरू कसं करायचं, ढोल कसा करायचा. अहो, ओबी हातात घ्यायच्या आधीच किमोनो एकतर बसलेला असतो किंवा फसलेला. फसलेल्यावर कितीही सुंदर गाठ मारा, अर्ध्या तासात खालची कड लोळायला लागते.

हे मार्गदर्शन बायकांच्या साध्या किमोनोसाठी आहे: कोमोन, म्हणजे सगळीकडे बारीक नक्षी असलेला, बाहेर चहा प्यायला किंवा प्रदर्शन बघायला जाताना चालतो तो. त्यावर अरुंद ओबी. लग्नात घरच्या विवाहित बायका घालतात तो पाच कुलचिन्हांचा काळा कुरोतोमेसोदे किंवा अविवाहित मुलींचा लांब बाह्यांचा फुरिसोदे स्वतःचा स्वतः नेसायच्या भानगडीत पडू नका. जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी वयात आलेल्यांचा दिवस असतो, तेव्हा जपानी मुलीसुद्धा पहाटे उठून पार्लरमध्ये रांग लावतात. आणि 'जपानी मैत्रिणीला विचार की' हा सल्ला देऊ नका. माझ्या ऑफिसातल्या बहुतेकींना युकाताच्या, म्हणजे साध्या सुती उन्हाळी किमोनोच्या, पुढे काही येत नाही. आई-आजीकडून शिकायची साखळी युद्धानंतर तुटली आणि 1960 च्या दशकात किमोनो नेसायला शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, यातच काय ते आलं.

विकत घेताना

किमोनो सगळ्यांना होतो, मापाचं काही नसतं, असं विकणारा सांगेल. खोटं आहे. दोन मापं बघायचीच.

एक, खांद्यापासून खालपर्यंतची लांबी. ती तुमच्या उंचीएवढी हवी, फार तर पाच सेंटिमीटर इकडेतिकडे. हो, डोक्यापासून पायापर्यंतच्या उंचीएवढी. खांद्यावरून सोडल्यावर जे वीत-दीड वीत जास्त होतं त्याचं काय करायचं, हाच या लेखाचा मुख्य विषय. दोन, मानेच्या मागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटाच्या हाडापर्यंतचं अंतर, हात थोडा बाजूला उचलून मोजलेलं. जुन्या किमोनोंत हे कमी भरतं. एक-दोन सेंटिमीटर कमी असेल तर चालतं, चार असेल तर हात भाऊबीजेला धाकट्याचा शर्ट घातल्यासारखे बाहेर येतात.

मापात एवढं का अडकायचं, तर किमोनो कापतानाच वेगळा कापतात. साधारण 36 ते 38 सेंटिमीटर पन्ह्याचं, बारा मीटरच्या आसपासचं एक ठाण असतं. त्याचे सरळ रेषेत आठ तुकडे होतात: अंगाचे दोन, पुढे जोडायच्या पट्ट्या दोन, बाह्या दोन, गळपट्टी आणि तिच्यावरची जादा पट्टी. कुठेही गोल कात्री चालत नाही, जादा कापड शिवणीच्या आत दुमडून ठेवतात. पूर्वी किमोनो धुवायचा म्हणजे सगळा उसवायचा, तुकडे जोडून पुन्हा ठाण करायचं, धुऊन ताणून वाळवायचं आणि परत शिवायचं. आईचा लेकीला करताना आतलं दुमडलेलं कापड थोडं सोडायचं. म्हणजे कापड टिकतं आणि माप बदलत राहतं. तीच गोष्ट नेसताना आपण धाग्याऐवजी बंदांनी करतो.

जुने किमोनो क्योतोत तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या 21 तारखेला आणि कितानो तेन्मांगूला 25 तारखेला भरणाऱ्या बाजारात मिळतात. माझे तीन तोजीतले आहेत. कापराचा वास आठवडाभर वाऱ्यावर टाकल्यावर जातो, गळपट्टीवरचा मेकअपचा पिवळा डाग जात नाही. शिकायला सुती किंवा लोकरी घ्या. रेशीम सटकतं आणि पॉलिएस्टर त्याहून सटकतं, वर थंडीत अंगाला चिकटून चटचट करतं. 'नवशिक्यांनी पॉलिएस्टर घ्यावं, धुता येतं' म्हणणाऱ्यांनी नवशिके असताना ते नेसलं होतं का, हे त्यांना विचारा.

ऋतूचं एका दमात सांगते: ऑक्टोबर ते मे अस्तराचा, जून आणि सप्टेंबर बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्ट आरपार दिसणाऱ्या जाळीदार विणीचा. हल्लीच्या उकाड्यात मेमध्येच अस्तर सोडणारे खूप झालेत. मीही सोडते.

आतली तयारी

ताबी, म्हणजे अंगठ्याशी फट असलेले मोजे, आधी घाला. एकदा ओबी आवळली की पायाच्या बोटांपर्यंत हात पोचत नाही. केस आणि चेहरा त्याच्याही आधी.

कमरेच्या खोलगट भागात एक टॉवेल घडी करून गुंडाळा. आपल्याकडच्या बांध्याला तो हवाच. छाती आणि नितंब यांच्या मध्ये खड्डा राहिला तर कापड त्यात घुसतं आणि ओबी वर सरकते. किमोनोला सरळ खांब आवडतो. कमनीय वगैरे दिसायचं असेल तर साडी आहे की.

त्यावर नागाजुबान, म्हणजे आतला लांब झगा. त्याच्या गळपट्टीवर आदल्या रात्री पांढरी पट्टी टाकून धावदोरा घातलेला असावा आणि आत ताठ पट्टी सरकवलेली. मागे मान आणि गळपट्टी यांच्यात एक मूठ मावेल एवढी फट ठेवा आणि छातीखाली बांधून टाका. जुबान हा शब्द पोर्तुगीज 'गिबाँव'वरून आलाय, आणि पोर्तुगिजांची ती जहाजं गोव्याहून सुटून मलाक्का-मकाऊ करत नागासाकीला लागायची. गिबाँवचं मूळ अरबीत नेतात. आपला जुब्बाही तिथलाच. किमोनोच्या आत आपला लांबचा चुलतभाऊ निघतो, हे कळलं तेव्हा मी नवऱ्याला दोनदा सांगितलं. त्याने दोन्ही वेळा 'हं' केलं.

आता किमोनो खांद्यावर घ्या, बाह्या सारख्या करा आणि पाठीमागे मधोमध किमोनोची आणि जुबानची गळपट्टी एका चिमट्याने एकत्र अडकवा. कपडे वाळत घालायचा चालतो. नंतर काढायला विसरू नका. मी एकदा तो लावून उएनोपर्यंत गेले आहे.

पहिला बंद

इथे थांबा. आत्तापर्यंतचं सगळं कुणालाही जमतं.

आमच्या घराजवळच्या कामेइदो तेन्जिन देवळात तळ्यावर एक उंच कमानीचा पूल आहे. आडवा ठेवलेल्या ढोलासारखा दिसतो म्हणून त्याला ढोलपूलच म्हणतात. 1817 मध्ये तो नव्याने बांधला तेव्हा फुकागावा भागातल्या गेइशांनी त्याच्या आकाराची ओबीची गाठ बांधली, आणि आज पाठीवर जी चौकोनी उशीसारखी गाठ दिसते ती तिथून आली असं म्हणतात. हे सगळं वाचून, ती ढोलगाठ दोन महिने घरी घोटून, मी पहिल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी तिथे विस्टेरियाचे जांभळे घोस बघायला गेले. गाठ खरोखर देखणी झाली होती. पुलाच्या चढावर तिसऱ्या पावलाला मी माझ्याच किमोनोच्या कडेवर पाय दिला. सावरले, पुढचं पाऊल टाकलं, पुन्हा पाय पडला. उतरेपर्यंत पुढची बाजू जमिनीवर लोळत होती, आणि पाठीवर ढोल मात्र जागच्या जागी.

एका आजींनी 'जरा हात लावू का' असं विचारून मला कठड्याच्या आडोशाला घेतलं. वयाने ऐंशीच्या पुढच्या असतील. माझ्या काखेखालच्या फटींतून दोन्ही हात आत घालून चाचपलं आणि त्यांना लगेच कळलं. बंद मी परकराच्या नाडीसारखा बेंबीपाशी, मऊ पोटावर बांधला होता. श्वास घेतला की पोट फुगतं, सोडला की आत जातं, आणि प्रत्येक श्वासाला कापड केसभर खाली सुटतं. त्या म्हणाल्या, 'कमरेला नाही, हाडाला.' आणि माझ्या नितंबाच्या हाडावर बोटाने टकटक केलं, दार वाजवावं तसं.

त्या दिवसापासून मी नेसते तो क्रम असा.

आरशासमोर उभ्या राहा आणि खाली बघू नका. खाली वाकून कड बघितली की वाकलेल्या अंगावरची उंची दिसते, ताठ झाल्यावर ती बदलते. जे बघायचं ते आरशात.

पुढच्या दोन्ही कडा, गळपट्टी जिथे संपते तिथून वीतभर वर, दोन हातांत धरा. पुढे ओढून पाठीला ताण द्या. सगळा किमोनो वर उचला आणि हळूहळू सोडत आणा. मागची कड जमिनीला टेकायच्या जेमतेम आधी थांबा. झोरी, म्हणजे किमोनोवरच्या चपला, घातल्यावर ती आपोआप वर जाते. युकाता असेल तर घोट्याशी थांबायचं.

आता ही उंची न सोडता डावी बाजू आधी उजवीकडे आणा. तिची उभी कड उजव्या नितंबाच्या बाजूला, खाली पायाच्या करंगळीच्या रेषेत आली पाहिजे. हे नुसतं माप घेणं आहे. अरुंद जुन्या किमोनोत ती तिथवर येत नसेल तर मागची मधली शिवण थोडी सरकू द्या. लोक समोरून बघतात. माप ठरलं की डावी बाजू अलगद उघडा, उजवी बाजू आत घ्या, तिचं खालचं टोक साधारण दहा सेंटिमीटर वर उचला, आणि त्यावर डावी आणून तिचंही टोक चार-पाच सेंटिमीटर उचला. त्याने घेर खाली निमुळता होतो. ही उचल विसरली की किमोनो घंटेसारखा दिसतो.

डावी वर, उजवी आत. बाई असो की पुरुष, नेहमी. 719 मध्ये दरबाराने सगळ्या प्रजेला तसा हुकूमच काढला होता आणि तो आजतागायत चालू आहे. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात. मोबाइलवर आरशासारखा उलटा झालेला फोटो बघून शिकणाऱ्या सगळ्याच जणी हे एकदा तरी चुकतात. सोपी खूण म्हणजे तुमचा उजवा हात गळ्यातून आत सहज गेला पाहिजे.

आता बंद. त्याला कोशिहिमो म्हणतात. दोन मीटरच्या वर लांब, चार-पाच सेंटिमीटर रुंद. घ्यायचा तो 'मोसुरिन'चा. नाव मलमलीशी नातं सांगतं, पण जपानात मोसुरिन म्हणजे पातळ लोकरीचं कापड. लोकर लोकरीला धरते. रेशमी किंवा पॉलिएस्टरचा गुळगुळीत बंद दिसायला छान आणि पूर्णपणे निरुपयोगी. इलॅस्टिकचे पट्टेही मिळतात, ते वाईट नाहीत, पण पहिल्या बंदाला मी वापरत नाही. ताणलेली गोष्ट परत यायला बघतेच.

उजव्या तळव्याने उजवा नितंब दाबून धरा, म्हणजे घेर सुटणार नाही. डाव्या हाताने बंद समोर लावा, नितंबाच्या हाडाच्या कडेपासून बोटभर वर. दोन्ही टोकं मागे न्या, फिरवा, आणि तिथेच, मागे असतानाच, दोन्ही बाजूंना जोरात ओढा. इथेच सगळा जोर. पुढे आणल्यावर फक्त अडकवायचं आहे. मधोमध पोटावर बांधू नका, जरा बाजूला, एकाला दुसऱ्याभोवती दोनदा पीळ देऊन टोकं उलट्या दिशांना बंदाखाली खोचा. गाठ नको. गाठ ओबीखाली दिवसभर टोचते.

मग पाय थोडे फाकवून अर्धी उठाबशी काढा. कड हलली? सोडा आणि पहिल्यापासून. मला ठाऊक आहे की तुम्ही म्हणाल 'चालतंय, एवढ्याने काय होतंय'. होतं. पहिला बंद चुकला तर पुढे काहीही करून तो दुरुस्त होत नाही. नंतरचे बंद मात्र सैल, आत दोन बोटं जातील असे. नवशिक्या नेमकं उलटं करतात, पहिला सैल आणि छातीखालचा घट्ट. मग किमोनो सुटतो आणि घास उतरत नाही.

ओहाशोरी

बंदाच्या वर आता कापडाचा मोठा फुगा लोंबतोय. तो ओबीखाली आडव्या पट्टीसारखा दुमडून बसतो, त्याला ओहाशोरी म्हणतात. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) बऱ्या घरच्या बायका घरात कड जमिनीवर लोळवत चालायच्या आणि बाहेर पडताना ती वर उचलून बांधायच्या. माझी आजी सडा घालायला निघताना ओचा खोचायची, तोच हिशेब. त्यानंतरच्या मेइजी काळात ही तात्पुरती उचल कायमची झाली. 'हाशोरू' या क्रियापदाचा दुसरा अर्थ गोष्ट सांगताना मधलं गाळून थोडक्यात आटपणं. या लेखातल्या सोप्या पायऱ्यांचं मी तेच केलंय.

काखेखालच्या फटींना मियात्सुकुची म्हणतात. त्यांतून दोन्ही हात आत घाला आणि तळहाताची कड सुरीसारखी बंदावरून पुढे फिरवा, मग मागे. रेशीम असेल तर कर्रकर्र असा बारीक आवाज येतो, सुकी पावडर बोटांत चोळल्यासारखा. आतल्या, म्हणजे उजव्या, बाजूचा फुगा तिरका वर दुमडून टाका म्हणजे समोर एकच पदर राहील. दुहेरी राहिला तर पोटावर जाड वळकटी दिसते आणि त्याचा दोष तुम्ही उगाच पोटाला देता.

ओबीच्या खाली ही पट्टी किती दिसावी? तर्जनीच्या लांबीएवढी. आणि ती तशी येत नसेल तर काय करायचं, हे कुणी नीट सांगत नाही. बंद जेवढा खाली बांधाल तेवढी पट्टीची खालची घडी खाली येते, सेंटिमीटरला सेंटिमीटर. खालची कड वर-खाली केलीत तर त्याच्या निम्माच फरक पडतो, कारण जास्तीचं कापड घडीत दुहेरी होतं. म्हणून आखूड किमोनोत कडेशी खेळत बसू नका, बंद खाली घ्या, अगदी हाडाच्या खालच्या बाजूला टेकवलात तरी चालेल. लांब किमोनोत बंद थोडा वर, आणि तरीही पट्टी जास्त होत असेल तर जादा कापड वर दुमडून नंतर बांधायच्या रुंद पट्ट्याखाली अडकवा. हे गणित मला कागदावर आकृती काढून दोन वर्षांनी कळलं. तोवर मी उंचीला अगदी योग्य असलेला एक निळा किमोनो 'आखूड आहे' म्हणून विकून टाकला होता.

ओहाशोरी बसली की गळा. समोर गळपट्ट्या कंठाच्या खळग्याशी भेटाव्यात, आतली पांढरी पट्टी बोटाच्या रुंदीएवढी दिसावी. मागे मूठभर फट हवी. ती कमी झाली असेल तर गळा हाताने ओढायचा नाही. पाठीवरची मधली शिवण ओबीच्या जागेखाली धरून सरळ खाली खेचायची. छातीखाली दुसरा बंद, सैल. त्यावर दातेजिमे, रुंद पट्टा. पाठीवरच्या सुरकुत्या दोन्ही बाजूंच्या शिवणींकडे ओढून चुणी घाला.

ओबी

अरुंद ओबी, हान्हाबा, 15-17 सेंटिमीटर रुंदीची. दोन वेढे, पुढच्या बाजूला साधी 'काइ नो कुची' गाठ, मग सगळं धरून उजवीकडे फिरवत गाठ मागे. डावीकडे फिरवाल तर गळा उघडेल. आत समोर एक ताठ पट्टी सरकवा. झालं. ढोलगाठ आणि तिला लागणारी नागोया ओबी हा वेगळा विषय आहे, आणि पुलावरच्या अनुभवावरून सांगते, घाई नाही.

बाहेर पडल्यावर

पावलं लहान. जिना चढताना उजव्या हाताने पुढची कड किंचित उचला. खुर्चीत टेकून बसू नका. गळा ढिला झाला तर वरची बाजू ओहाशोरीच्या कडेला धरून खाली ओढा, आतली बाजू डाव्या काखेखालच्या फटीतून हात घालून ओढा. शौचालयात एकेक थर वेगळा उचलून ओबीत खोचत जायचं, आधी किमोनो, मग जुबान, मग आतलं. बाह्याही. विसरलात तर त्या कुठे बुडतात ते सांगायला नको.

रस्त्यात अनोळखी बायका थांबवून चुका काढतात. इथे त्यांना गमतीने किमोनो-पोलीस म्हणतात आणि तरुण मुली त्यांच्यावर जाम वैतागतात. मलाही अशा दोन भेटल्या आहेत ज्यांना फक्त टोमणाच मारायचा होता. पण पुलावरच्या आजी आठवतात आणि मी थांबते. 'परदेशी माणसाने किमोनो नेसावा का' हा वाद मात्र मला इथे कुणी घातलेला नाही. 2015 मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयात मोनेच्या चित्रासमोर किमोनो अंगावर चढवून बघायची सोय केली तेव्हा निदर्शनं झाली होती, आणि त्या निदर्शनांच्या विरोधात किमोनो नेसलेल्या जपानी बायकाही आल्या होत्या. टोकियोत विचारतात ते एवढंच की हा अस्तराचा आहे का, आणि उकडत नाही का.

पुरुषांचं दोन ओळींत: त्यांच्या किमोनोला ओहाशोरी नसते, म्हणून लांबी शिवतानाच बरोबर हवी. ओबी पोटाच्या खाली, मागे थोडी वर. सुटलेलं पोट इथे चक्क उपयोगाचं, ओबी त्याखाली छान बसते. आमच्याकडे हे ऐकल्यापासून व्यायाम बंद आहे.

काढल्यावर

रात्री किमोनो रुंद हँगरवर सावलीत टांगा, दुसऱ्या दिवशी शिवणींवर शिवणी जुळवून घडी घाला. बंदांना इस्त्री नको. टोकाशी तिरकी घडी घालून पंचकोनात गुंडाळत गेलं की ते आपोआप सपाट होतात.

आणि कपडे बदलताना अंगावर बघून घ्या. पोटाच्या मऊ भागावर लाल वळ असेल तर पुढच्या वेळी बंद खाली. हाडाच्या वर बोटभर पुसट रेघ दिसत असेल तर जागा सापडली. मी पहिल्या वर्षी तिथे बॉलपेनने खूण करून ठेवायचे, आंघोळीत जायची, परत करायचे.